पोटच्या मुलाला वारा सांगायचा नसतो

या, असे जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनाही ऐकू जायला हवं, आणि काही गोष्टी मोठ्या आवाजात सांगवत नाहीत. आज नोमिकीची गोष्ट सांगतो. तिच्यात राजा नाही, चमत्कार नाही. एक विधवा बाई, तिच्या भाड्याच्या खोल्या, एक मुलगा आणि आमच्या बेटावरचा वारा, एवढाच सगळा ऐवज. देवाचं नाव घ्या आणि ऐका.

तर नोमिकी अंगणात उभी होती आणि तिचा पाहुणा हेंक तिच्याशी आभाळावरून भांडत होता.

हेंक हॉलंडातला शाळामास्तर. बायकोला घेऊन ग्रीसच्या बेटांवर पहिल्यांदाच आलेला. सकाळी सामान बांधून दोघं धक्क्यावर गेली आणि तासाभराने सामानासकट परत आली, कारण बंदरावरच्या पोलिसाने बोट येणार नाही म्हणून सांगितलं होतं. वर आभाळ धुतलेल्या परातीसारखं लख्ख. हेंक वर बोट दाखवत पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, की ढग कुठे आहे, पाऊस कुठे आहे, मग बोट का नाही. नोमिकीने हाताने अंजिराचं झाड दाखवलं. झाड कमरेत वाकून दक्षिणेला नमस्कार घालत होतं. मेल्तेमी वारा हा असाच. तो ढग आणत नाही, असतील तेवढे झाडून नेतो. पण पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला वादळ म्हणजे काळं आभाळच वाटतं, आणि निळ्या आभाळाखाली समुद्र फुटतो हे त्याच्या डोक्यात शिरत नाही.

बरं, तिने सांगितलं नव्हतं असं नाही. पहिल्या संध्याकाळी अंगणात कॉफी देऊन ती प्रत्येक पाहुण्याला सगळं सांगायची. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, उरलेलं हातांनी. भर दुपारी मठाची चढण चढू नका. चढायचीच असेल तर पाणी न्या, आणि उघड्या मांड्यांनी जाऊ नका, साधू दारातून परत पाठवतो. स्कूटर आयुष्यात चालवली नसेल तर इथे शिकायला बसू नका. संडासात कागद टाकू नका, आमचे नळ बिचारे म्हातारे आहेत. आणि सगळ्यात शेवटी, हात जोडून, की सुट्टीचा शेवटचा दिवस बोटीच्या भरवशावर ठेवू नका. विमान अथेन्सहून असेल तर दोन दिवस आधी निघा. पाहुणे मान डोलवायचे, कॉफी छान आहे म्हणायचे आणि मग एकेक करून सगळं करायचे. हेंक दुपारीच चढला होता, चड्डीतच चढला होता, आणि त्याच्या बायकोच्या पोटरीवर स्कूटरच्या धुराच्या नळीने भाजल्याचा डाग होता. आता विमानही चुकणार होतं.

एरवी नोमिकी अशा माणसाला हसून घरात न्यायची, वांगी तळून द्यायची. त्या दिवशी मात्र तिला हसू आलं नाही. कारण त्याच बोटीने तिचा मुलगा यायचा होता.

ही गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आमचं बेट म्हणजे सगळा खडक. माती थोडी आणि मेलेले फार. म्हणून माणूस तीन वर्षं मातीत राहतो. मग त्याला वर काढायचं, हाडं वाइनने धुवायची, नाव घातलेल्या पेटीत घालून देवळामागच्या खोलीत ठेवायची. सगळ्यात आधी निघते ती कवटी, आणि ती घ्यायची पोटच्या मुलाने, पांढऱ्या कापडात. मुलगा ती कपाळाला लावतो, आणि तेव्हा कुठे बाप सुटला असं आम्ही म्हणतो. नोमिकीचा नवरा थिओलोगोस कोळी होता. त्याच्या मातीला मुलगा स्त्रातिस आला नव्हता, ऑस्ट्रेलियाहून येणं जमलं नव्हतं. आता हाडं काढायची वेळ आली होती. पापा-मत्थेओसने, म्हणजे आमच्या धर्मगुरूने, वसंतातच तारीख सुचवली होती. नोमिकीने ती ऑगस्टात, देवमातेच्या सणानंतर ढकलून घेतली, कारण मुलाला सुट्टी तेव्हाच होती. ऑगस्टात वारा असतो हे तिला माहीत नव्हतं का? तिच्याइतकं कुणाला माहीत होतं.

वसंतात फोनवर स्त्रातिसने बेत सांगितला होता. बायको आणि मुली पहिल्यांदाच इकडे येणार, त्यांना पोहायच्या तलावाचं हॉटेल हवं, म्हणून आधी सगळे दिवस मोठ्या बेटावर. मग शेवटी एक दिवस आईकडे. सकाळच्या बोटीने यायचं, दुपारी बाबांचं करायचं, दुसऱ्या सकाळी परत, त्याच्या पुढच्या दिवशी अथेन्सहून विमान. तो सांगत होता आणि नोमिकीच्या जिभेच्या टोकावर ते रोजचं वाक्य आलं होतं, की शेवटचा दिवस बोटीच्या भरवशावर ठेवू नकोस. तिने ते गिळलं.

का गिळलं? आमच्याकडे कोळ्याच्या पोराला कुणी वारा सांगत नाही. सांगितला तर तो त्याचा अपमान, आणि त्याच्या बापाचाही. हे पोर चालायला शिकलं ते त्या धक्क्यावर. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या खिडकीच्या आवाजावरून बापाला सांगायचं की आज जाळं टाकू नका. त्याला उठून म्हणायचं, बाळा, आपल्याकडे ऑगस्टात वारा असतो बरं का? म्हणजे त्याच्या हातात खोलीची किल्ली देऊन त्याचं नाव विचारण्यासारखंच की. नोमिकीला वाटलं, एक दिवस म्हणतोय तर त्याने काही हिशोब केला असेल. तो आपलाच आहे.

माणसाची माया अशी वेडी असते. परक्याला सावध करते आणि आपल्याला मोकळं सोडते.

हेंक खोलीत गेला तोवर फोन वाजला. स्त्रातिस मोठ्या बेटाच्या बंदरावरून बोलत होता. मागे मुलींचा कालवा चालला होता.

"आई, इथे काय चाललंय? बोट रद्द म्हणतायत."

"वारा आहे बाळा."

"अगं पण आकाश बघ की! ढगाचा एक ठिपका नाही. मला इथून आपलं बेट दिसतंय, डोंगरावरचा मठसुद्धा दिसतोय. एवढ्याशा पाण्यावर बोट जात नाही म्हणजे काय? आजच्या काळात?"

नोमिकी भिंतीला टेकली. फोनमधला आवाज ओळखीचा होता, त्यातला र घासून बोलायची लकब बापाचीच होती, आणि शब्द मात्र हेंकचे होते. तिला क्षणभर वाटलं, हा आता विचारेल, पाऊस कुठे आहे.

ती म्हणाली, वारा उद्या पडेल कदाचित. तोही म्हणाला, हो, उद्याचं बघू.

तिकडे दफनभूमीत फानूरिसने, जो आमची थडगी खणतो, पहाटेच माती उघडायला घेतली होती. वरची फरशी काढली होती, हातभर खणून झालं होतं. पापा-मत्थेओस स्वतः नोमिकीकडे आला. एरवी हा माणूस खड्या आवाजात गाणारा, त्याचं प्रवचन ऐकायला शेजारच्या बेटावरून बायका यायच्या, पण त्या दिवशी तो हळूच बोलला, की उघडलेली माती पुन्हा लोटता येत नाही, पण एक दिवस फळ्या टाकून थांबू. नोमिकीने त्याचा हात कपाळाला लावला. मग घरात जाऊन तिने द्राक्षाच्या पानांत भात भरून मुलासाठी केलेला टोप झाकून ठेवला, आणि श्राद्धाचे गहू उकडले होते ते पंच्यावर पसरले. शेजारची आर्गिरो मनुका निवडायला आली होती. आर्गिरोला मूलबाळ नाही, जीभ मात्र दोघांची आहे. ती म्हणाली, वाऱ्याला शिव्या देऊन घे, देव आज ऐकत नाहीये, एवढ्या आवाजात त्याला काय ऐकू येणार. नोमिकी गहू सारखे करत राहिली.

दुसऱ्या दिवशी वारा वाढला. समुद्र पांढरा झाला. आणि हवा अशी स्वच्छ, की मोठ्या बेटावरची घरं न् घरं दिसत होती, कुणी खिडकी उघडली तर ती लकाकताना दिसावी. नोमिकी अंगणाच्या कठड्याशी उभी राहून तिकडे बघत होती. इतक्या वर्षांत मुलगा इतका जवळ आला नव्हता.

दुपारी फोन आला. लहान बोटी बंद होत्या, पण मोठं जहाज मोठ्या बेटावरून अथेन्सकडे जायचं होतं. स्त्रातिसने तिकिटं काढली होती. विमान सोडलं तर मुलींची शाळा, त्याचं काम, सगळंच कोसळणार होतं. तो बराच वेळ समजावत राहिला. जे आधीच कळलेलं असतं तेच माणूस फार वेळ समजावतो. पुढच्या वर्षी नक्की, म्हणाला. कुणाला तरी बाबांचं सगळं फोनवर चित्रित करायला सांग, मुलींना दाखवेन, म्हणाला. नोमिकी हो हो म्हणत होती.

मग तो थांबला आणि एकदम लहान मुलासारखा चिडला.

"तू मला आधी सांगितलं का नाहीस, आई? तू तिथे राहतेस. तुला हे सगळं माहीत असतं. मला सांगायचं नाही का, की ऑगस्टात असं होतं, दिवस जास्त ठेव म्हणून?"

सांगा बघू, काय उत्तर द्यायचं त्या माउलीने? तुला सांगावं लागेल असं मला वाटलं नाही, हे म्हणायचं? ते म्हटलं असतं तर फोनच्या दोन्ही टोकांना कळलं असतं की आपल्यात आता काय उरलंय.

"विसरले रे बाळा," ती म्हणाली. "वय झालं ना."

"असू दे," तो म्हणाला. त्याचा आवाज लगेच मऊ झाला होता. "असू दे, आई. तू मनाला लावून घेऊ नकोस."

त्याने तिला माफ केलं. तिने ती माफीही ओंजळ पुढे करून घेतली.

उन्हं कलायच्या आत सगळे दफनभूमीत जमले. सगळे म्हणजे पापा-मत्थेओस, फानूरिस, आर्गिरो आणि नोमिकी. हेंक आणि त्याची बायकोही आली होती, पण फाटकाबाहेरच थांबली. एवढ्या उन्हात हेंकने लांब विजार घातली होती. आपण आत यावं की नाही हे त्याला कळत नव्हतं, आणि कुणी बोलावलं नाही.

फानूरिसने फळ्या काढल्या आणि पुढचं हातांनी उकरलं. थोड्या वेळाने तो थांबला. कापड कोण धरणार ते त्याला कळायला हवं होतं. पापा-मत्थेओसने नोमिकीकडे पाहिलं आणि म्हणाला, मी धरू का, मीही पोराच्या ठिकाणीच आहे. नोमिकीने नको म्हणून मान हलवली. तिने कापड स्वतः उलगडलं. वारा त्यात असा शिरला की ते शिडासारखं फुगलं आणि तिच्या हातांतून निसटायला लागलं. आर्गिरो पुढे आली, तिने पलीकडची दोन टोकं मुठीत धरली आणि वाऱ्याला अशी एक शिवी दिली की गुरूने न ऐकल्यासारखं केलं.

कवटी मेणासारखी पिवळी निघाली. आमच्यात पिवळं हाड चांगलं, माणूस हलक्या जिवाने गेला असं मानतात. पापा-मत्थेओसने क्रुसाची खूण केली आणि तो गायला लागला. वारा त्याचे शब्द अर्धेच ठेवत होता. नोमिकीने वाइन ओतली, बोटांनी माती पुसली, भुवयांच्या जागेवरून, कानांच्या जागेवरून, जशी ती त्याचं तोंड पुसायची तो समुद्रावरून मिठाने भरून यायचा तेव्हा. मग जे मुलाने करायचं तेही तिनेच केलं. कपाळ कपाळाला लावलं. आणि उठून, कुणाला न विचारता, ती दफनभूमीच्या कठड्यापर्यंत गेली आणि कवटी उत्तरेकडे, मोठ्या बेटाच्या दिशेने धरून उभी राहिली. एक मोठं पांढरं जहाज त्या बेटाच्या आडून बाहेर पडत होतं.

"तिथवर आला होता," ती नवऱ्याला म्हणाली.

पेटी खोलीत ठेवून झाल्यावर गुरू संध्याकाळच्या प्रार्थनेला गेला. फानूरिसने हेंकला आणि त्याच्या बायकोला गव्हाचे द्रोण नेऊन दिले, ती दोघं ते उभ्या उभ्या खाऊ लागली. दोघी म्हाताऱ्या खोलीच्या दाराशी बाकावर बसल्या. आत भिंतीभर पेट्या, नावं, काहींवर फोटो.

आर्गिरो म्हणाली, "हे बघ, आपण ठरवून टाकू. तू आधी गेलीस तर तुझी मी काढीन. मी आधी गेले तर माझी तू."

"तूच आधी जाणार," नोमिकी म्हणाली. "तुझा खोकला ऐक जरा."

"माझ्या खोकल्याला नवरा कंटाळून गेला, मी नाही गेले. तुझे गुडघे बघ आधी."

नोमिकी त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. मग तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि ती म्हणाली,

"ठरलं. आणि जी मागे राहील तिची?"

आर्गिरोने मांडीवरच्या द्रोणातला एक गहू उचलला, नोमिकीच्या हातावर ठेवला, आणि दोघी तिथेच बसून राहिल्या.

दोघींतली आधी कोण गेली ते मी सांगत नाही, विचारू नका. एवढंच मागतो. आज रात्री झोपताना आपापल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी क्षणभर थांबा, आणि त्या दोघींतली जी मागे राहिली, तिची आठवण काढा.