मधल्याची सबुरी

बटणावरचं अक्षर पार पुसून गेलं होतं — दाबून दाबून. पान पुन्हा मागवायचं बटण ते — आणि तरी पडद्यावर तेच: उत्तर मिळालं नाही. मिळालं नाही म्हणे! उत्तर होतं. रुग्णालयाचा आतला जुना सर्व्हर रुग्णांचे अहवाल गोळा करत होता, धापा टाकत का होईना, करत होता... आणि मध्ये बसलेली प्रॉक्सी, जिनं फक्त बाहेरचं मागणं आत न्यायचं आणि आतलं उत्तर बाहेर द्यायचं, ती साठ सेकंद झाले की नकार सांगून मोकळी होत होती.

"काल थांबायची वेळ वाढवलीस ना?" शेजारच्या टेबलावरून वरिष्ठ बाईंनी त्याला विचारलं.

"सर्व्हरची वाढवली."

"आणि मधलीची कोण वाढवणार? तिची वेगळी असते ना."

मधलीची वेगळी... आणि त्याला आईच आठवली. पक्षाघातानंतर बाबांना शब्द सापडायला फार वेळ लागायचा. रोज दुपारी तो फोन करायचा, आई फोन बाबांच्या कानाशी धरायची, मग तो खरखरीत श्वास, "तू... तू..." आणि लगेच आई, "जेवलास का, विचारताहेत. ठेवू आता? दमतात रे." जेवलो, म्हणायचा तो. दोन वर्षं नुसतं जेवलो, जेवलो. पण गेल्या सुट्टीत त्यानं समोर बसून पाहिलं होतं, त्या 'तू'पाशी बाबांचे डोळे भरून आले होते. जेवणाचं विचारताना कुणाचे डोळे भरतात? तो घर सोडून निघाला त्या दिवशीचं भांडण तसंच राहिलं होतं. तो निरोपही न घेता जिना उतरला होता, आणि पुढे बाबांची वाचाच गेली. आईला काय, तिला वाटतं सगळं सुरळीत आहे — तिला कसलीच सबुरी नाही, तिच्यामुळेच...

त्यानं प्रॉक्सीच्या थांबण्याचा आकडा वाढवला, पान मागवलं, आणि पडद्यावरचं चक्र फिरत असतानाच फोन लावला.

"आई, आज मध्ये बोलू नकोस. कितीही वेळ लागू दे."

"बरं बाई," आई म्हणाली, जरा दुखावूनच, आणि खरंच गप्प झाली.

श्वास. मग, "तू..." पुन्हा श्वास. कुठूनतरी खोलातून शब्द वर येत होता, ओठांपर्यंत येत होता, आणि त्याच्या मनात एकदम आलं — तू का गेलास, असं निघालं तर? किंवा, तू ये... निघालं तर मी काय करू?

"तू... न..."

"जेवलो, बाबा," तो म्हणाला.

आई काही बोललीच नव्हती. पडद्यावर अहवाल ओळीओळीनं उमटत होते, बाई "झालं बघ" म्हणत होत्या. आईला आपण इतके दिवस उगाच बोल लावला, हे त्याला कळलं, आणि फोन ठेवायचं धैर्य होईना, बोला म्हणायचंही होईना. पलीकडे श्वास तसाच चालू होता.