गॅलनला चाळीस मैल

माझ्या नवऱ्याला, एव्हरेटला, देवानं दोन डोळे दिलेत. एक रस्त्यावर असतो आणि दुसरा गाडीच्या पडद्यावरच्या आकड्यावर. हायब्रिड एसयूव्ही घेतल्यापासून हे असंच चाललंय. उन्हाळ्यात ती गॅलनला चाळीस मैल देते, आणि एव्हरेटचा हट्ट असा की हिवाळ्यातही तिनं तेवढंच अ‍ॅव्हरेज द्यावं. आता मोंटानाच्या डोंगरात, भर जानेवारीत, कोण कुणाला काय देतं?

घोटाळा साधा आहे. बॅटरीवर चालताना गाडीचं इंजिन गप्प असतं, पेट्रोल वाचतं. पण थंडीत हीटर लावला की इंजिनाला जागं राहावं लागतं आणि आकडा घसरतो. तेव्हा हीटर लावायचा नाही, झालं. एवढी महागाची गाडी घेऊन आम्ही दोघं गुडघ्यांवर घोंगडी टाकून बसतो. समोरून येणाऱ्याला वाटत असेल, हॉस्पिटलला निघालेत बिचारे.

"सीट गरम होते की," एव्हरेट म्हणतो.

"बूड भाजतं आणि नाक गोठतं, त्याचं काय?"

"मग जाड मोजे घाल."

मी स्वतः बटण फिरवलं तर तो भांडत नाही. नुसता उसासा टाकतो आणि पुढच्या वळणावर हळूच बंद करतो. मी चालवते म्हटलं तर म्हणतो, "लोर्ना, तुझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जड पडतो." तीन हिवाळे झाले हे ऐकतेय.

मी हसण्यावारी नेलंही असतं, पण माझी बोटं! थंडीत ती खडूसारखी पांढरी पडतात, बधिर होतात, आणि घाटाखालच्या चर्चमध्ये दर रविवारी ऑर्गन वाजवते ती मीच. लग्नाच्या आधीपासून वाजवते. या हिवाळ्यात माझे सूर इतके चुकले की एकदा लोक गाता गाता मध्येच थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर चर्चच्या समितीतल्या थोरवाल्डबाईंनी टूम काढली, ऑर्गन कशाला हवा, स्पीकरवर रेकॉर्ड लावू. शनिवारी पाद्री गुनार यांचा फोन आला. रविवारच्या प्रार्थनेनंतर समिती काय ते ठरवणार होती. ते इतक्या गोडीत बोलले की मी काय ते समजले. बर्फ पडायला लागल्यापासून वितळेपर्यंत माझ्या हक्काचं असं ऑर्गनपुढचं ते एक बाकच आहे. ते गेलं तर मी करायचं काय?

रविवारी सकाळी गाडीत बसतानाच मी म्हटलं, "आज हीटर लाव. नाहीतर माझा ऑर्गन जाईल."

"अगं, आज चाळीसला टेकतोय आकडा. एवढा घाट उतरला की झालंच. मग लाव हवा तेवढा."

"घाट उतरला की चर्चच येतं, एव्हरेट."

"तेच म्हणतोय मी. दूर कुठाय?"

भिंतीशी बोललेलं बरं. मी हात काखेत घातले.

दुसऱ्या वळणावर बर्फाच्या ढिगात एक डिझेल ट्रक नाक खुपसून उभा दिसला. ट्रक ओळखीचा, शेजारच्या ओडेलचा. हा ओडेल निघायच्या कितीतरी आधी ट्रक चालू करून ठेवतो, का तर कुत्रीला गरम जागा मिळावी. त्यावरून एव्हरेट दर हिवाळ्यात त्याला चार शब्द सुनावतो. पण आमच्याकडे अडकलेल्याला ओलांडून कुणी जात नाही, मग तो कुणी का असेना. एव्हरेटनं गाडी थांबवली.

"हसून घे एकदाचा," ओडेल म्हणाला. "मग आम्हाला खाली सोड. ट्रक दुपारी ओढून काढतील."

"मी कुठे हसतोय?" एव्हरेट हसत म्हणाला.

ओडेल मागे बसला. त्याच्या मांडीवर पर्ल, त्याची म्हातारी शिकारी कुत्री. बर्फात लोळून ती ओलीचिंब झाली होती आणि तिचे दात वाजत होते. एव्हरेटनं आरशात पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"अरेरे, कुडकुडतेय रे बिचारी," तो म्हणाला, आणि हात पुढे करून त्यानं हीटर पार शेवटपर्यंत फिरवला.

मी पडद्याकडे बघितलं. आकडा घसरायला लागला होता.

"आकडा पडतोय तुझा," मी म्हटलं.

"पडू दे गं. चढेल परत. मुकं जनावर आहे, तिला बोलता येतं का?"

मला बोलता येत होतं, हीच माझी चूक. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच गरम हवेत ते सुकलंही. घाट उतरेपर्यंत माझी दहाही बोटं गुलाबी झाली होती.

त्या दिवशी मी ऑर्गन असा वाजवला की थोरवाल्डबाईसुद्धा पुस्तक मिटून गायल्या. समितीचं बोलणं कॉफी थंड व्हायच्या आत संपलं. ऑर्गन राहिला, मीही राहिले. पाद्री गुनार यांनी माझे हात हातात घेतले.

"लोर्ना, आज कसली जादू केलीस?"

मी तोंड उघडायच्या आत एव्हरेट म्हणाला, "मी रोज सांगतो तिला, मनावर घेतलं की सगळं जमतं."

परतीच्या वाटेवर पर्ल मागे ढाराढूर झोपली होती. गाडी उबदार होती, एव्हरेट शीळ घालत होता, आणि मला वाटायला लागलं, आता याला कळलं असेल. तोंडानं कबूल करणार नाही, पण कळलं असेल. मी त्याला मनातल्या मनात माफसुद्धा करून टाकलं.

ओडेलच्या फाटकाशी गाडी थांबली. ओडेल उतरला, त्याच्यामागून पर्ल उतरली. मागचं दार लागलं, आणि एव्हरेटचा हात बटणाकडे गेला. हीटर बंद झाला.

मी घोंगडी घडी करून सीटवर ठेवली आणि दार उघडलं.

"कुठे निघालीस? आपलं घर पुढे आहे."

"ओडेलकडे. शेगडी पेटलेली असेल त्याची," मी म्हटलं. "तू हो पुढे. एक माणूस कमी झालं, आकडा चढेल तुझा."

फाटकाशी पर्ल माझ्यासाठी थांबली होती. आम्ही दोघी आत गेलो.