काचेआडची घागर

मित्रांनो, काचेला नाक लावून तुम्ही जिला बघताय, ती जुनी पितळी घागर मी. उस्मानपुऱ्यातल्या या पक्ष कार्यालयात मला रोज हार मिळतो, पाणी मात्र मिळत नाही.

तांबटानं मला घडवलं आणि मुकुंदवाडीच्या द्वारकाबाईंनी कमरेवर घेतलं. त्या मला चिंच लावून घासायच्या, माझ्याशी बोलायच्या. बाहत्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, तेव्हा बायकांनी सरकारी कचेरीवर रिकाम्या घागरींचा मोर्चा काढला. द्वारकाबाई सगळ्यांच्या पुढे. हातातल्या दगडानं त्या मला बडवत चालल्या आणि मी अशी काही घुमले, की साहेबलोक खुर्च्या सोडून बाहेर आले! गावाला पाणी मिळालं. खरं सांगते, तेवढी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही.

मोर्चातल्याच तात्यासाहेबांनी पुढे पक्ष काढला. "वैनी, ही घागर आता समद्यांची," असं म्हणून त्यांनी मला मागून नेलं. द्वारकाबाईंनी हौसेनं दिलं.

मग विचारवंत जमले. घागर रिकामी आहे, म्हणून ती पालथी ठेवावी, असं पक्षातले दुसरे पुढारी साहेबराव म्हणत. ती भरायची आहे, म्हणून सुलटी ठेवावी, असं तात्यासाहेब म्हणत. यावर भाषणं झाली, पुस्तिका निघाल्या, पक्षात दोन गट पडले. शेवटी तोड निघाली. मला काचेच्या कपाटात आडवं निजवलं, कपाटाला दोन कुलपं लावली आणि दोन्ही गटांनी एकेक किल्ली घेतली. तेव्हापासून कपाट उघडलेलं नाही. हारसुद्धा काचेवरच घालतात. आत माझा जीव गुदमरतो, पण सांगू कुणाला?

शहर वाढलं, मुकुंदवाडी त्यात आली, तात्यासाहेब निवडून आले. पुन्हा दुष्काळ पडला आणि द्वारकाबाई इथं आल्या.

"भावजी, माझी घागर द्या. मोर्चा काढायचाय."

"अवो वैनी, राज्य आपलंच हाय. मोर्चा काढता कुणावर?"

"मंग नळाला पाणी का नाय?"

तात्यासाहेबांनी चहा मागवला. द्वारकाबाई चहा न घेताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी बायका प्लॅस्टिकचे हंडे घेऊन कार्यालयावरच चालून आल्या. तेव्हा मात्र दोन्ही गट झटक्यात एक झाले! किल्ल्या कुणी काढल्या नाहीत. त्यांनी मला कपाटासकट उचललं, दारात आडवं ठेवलं आणि स्वतः मागे उभे राहिले.

द्वारकाबाईंच्या हातात दगड होता. त्यांनी हात उगारला. 'मारा बाई, मारा,' मी आतून ओरडत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

"ऱ्हाऊ द्या गं. माझीच घागर हाय ती. तिला लई लागंल."

बायका परत गेल्या. तो सगळा उन्हाळा त्या टँकरमागं धावल्या.

मित्रांनो, मला हात जोडू नका. ज्या वस्तूवर माया असेल, ती वापरा. आणि कधी द्वारकाबाई भेटल्या तर त्यांना एवढंच सांगा, मी पितळेची आहे, मला काही झालं नसतं. नुसती काच फुटली असती.