आकड्याची आदली संध्याकाळ

ताईचं काम असं होतं, की चारचौघांत सांगायला जावं तर ऐकणाऱ्याला जांभई यायची. जमिनीखालची खनिजं आणि तेल शोधायला कंपन्या किती खर्च करतात, याचा दर तीन महिन्यांनी आकडा काढायचा. खाणीतून काय निघालं ते नव्हे. काही निघेल का हे बघायला किती पैसे मातीत घातले, ते. "आमची लेक लोकांची आशा मोजते," बाबा म्हणायचे. बाबांना असली वाक्यं टाकायची खोड होती आणि ताईला ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

या कामाचा एकच कडक नियम होता. आकडा जाहीर होईपर्यंत खोलीबाहेर जाता कामा नये. फोन दाराशी पेटीत टाकायचा, आणि घरी आळीमिळी गुपचिळी. तिच्याच विभागातल्या एकाने मेव्हण्याला नुसतं "थांब जरा" म्हटलं होतं; महिन्याभरात त्याची उचलबांगडी झाली. ताई नियम पाळायची ती मात्र भीतीपोटी नव्हे. कुणा एकाला आधी कळणं म्हणजे बाकी सगळ्यांना फसवणं, असं तिला मनापासून वाटायचं.

या खेपेला तेलाचा खर्च होता तिथेच होता, खनिजांचा घसरला होता. घसरण तशी फार नव्हती. पण आकड्याच्या पोटात शिरून पाहिलं तर उरलेला बहुतेक पैसा जुन्या खाणींच्या आसपासच चालला होता, आणि कोऱ्या जागी शोध घेण्याचा खर्च निम्म्याच्याही खाली आला होता. अडचणीच्या दिवसांत कंपन्याही माणसांसारख्याच वागतात. अनोळखी दार ठोठावत नाहीत, ओळखीच्याच घरी जातात. त्या तक्त्यावर शेवटचा हात फिरवून ताई घरी आली, तर दारात धाकट्याचे बूट.

धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. पाणीपुरवठा खात्यात बोअर मारायच्या यंत्रावर होता. पक्की नोकरी, वरिष्ठांशी रोजची कुरबुर, आणि त्या नोकरीविषयी तक्रार करत करतच गेलेली इतकी वर्षं. आज मात्र स्वारी खुशीत होती.

"ताई, उद्या दहाला राजीनामा देतोय!" ती पर्स ठेवते न ठेवते तोच तो म्हणाला. "खनिज शोधणाऱ्या कंपनीत घेतायत मला. जिथे आजवर कुणी एक भोकसुद्धा पाडलं नाही, अशा जागेवर. पगार जवळजवळ दुप्पट."

ताई पाणी प्यायली, म्हणजे तेवढा वेळ तोंड ग्लासाआड राहील.

"हातचं सोडून पळत्याच्या मागे," बाबा म्हणाले, पण त्यांनाही कौतुक लपवता येत नव्हतं.

"दहालाच का?" तिने विचारलं.

"त्यांचा माणूस दहालाच होकार मागतोय. नाहीतर पुढच्याला बोलावणार. आणि इकडे माझ्या जागेसाठी रांग लागलीय. एकदा उठलो की खुर्ची गेली."

'दुपारी दे की,' हे तिच्या जिभेच्या टोकावर आलं. तीन शब्द. पण त्या मेव्हण्यालाही दोनच शब्द सांगितले होते. ताईने जीभ चावली.

"तुझा आकडा उद्याच ना?" धाकट्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. "काय म्हणतो?"

"उद्या साडेअकराला म्हणेल."

"मोठी आली!" तो हसला. त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि ते तिला अधिक जड गेलं.

आता एका कपाटाचं सांगायला हवं. आकडा वाईट आला की ताईचे हात शिवशिवायचे आणि ती स्वयंपाकघरातलं मोठं कपाट उपसायला घ्यायची. बरण्या खाली, फळ्या पुसायच्या, परत बरण्या वर. "ताईने कपाट उघडलं की समजावं, पैसा आटला," असं बाबा मागच्या खेपेला धाकट्यासमोर गमतीने म्हणाले होते, तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. म्हणजे आपण इतकी वर्षं न बोलता सगळं सांगत होतो! म्हणून आज तिने कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. दोनदा भात घेतला. धाकट्याच्या साहेबाची नक्कल पाहून हसली, जरा जास्तच हसली.

निघताना धाकट्याने बूट घातले आणि तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "कळलं मला. कपाट बंद आहे."

त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की ताईला रडू येईल असं वाटलं. तिने काही सांगितलं नव्हतं, तरी त्याला भलतंच कळलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं.

"ऐक," तिने त्याचं मनगट धरलं. "त्या कपाटावर जाऊ नकोस. आकडा कसाही असता तरी आज ते बंदच राहिलं असतं. चांगला असता तरी, वाईट असता तरी."

"म्हणजे वाईट आहे?"

"तसंही म्हटलं नाही मी."

"मग मी ठरवू कशावर?"

"मी नसते तर ज्याच्यावर ठरवलं असतंस, त्याच्यावर."

त्याने तिच्या हातातून मनगट सोडवलं. "इतकी वर्षं पाणीच शोधतोय मी," तो म्हणाला. "एकदा दुसरं काहीतरी शोधून बघायचंय गं." आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले तेव्हा ताई बंद खोलीत होती आणि फोन पेटीत. साडेअकराला आकडा जाहीर झाला, दार उघडलं. फोन हातात घेते तोच वाजला.

"वाचलं," धाकटा म्हणाला.

"हं."

"दहाला देऊन आलो मी."

ताई तिथेच बाकावर बसली. "कोऱ्या जागांचं वाचलंस?"

"तेच आधी वाचलं. पहिली गदा आमच्यासारख्यांवरच येणार, एवढं मलाही कळतं." पलीकडे कुणीतरी यंत्र सुरू केलं, बंद केलं. "काल सांगितलं असतंस तर नसता दिला, ताई."

"माहीत आहे मला. रागावलास?"

"हो. खूप. तू सांगायला नकोच होतंस, ते पटतंय. तरी राग जात नाही. संध्याकाळी येतो भांडायला."

"ये," ताई म्हणाली. "मी लवकर निघते."