शेवटचा भाग देवीच्या पायाशी

मी वकील अनादि सांत्रांच्या रहस्यमालिकेचा नववा भाग बोलतोय. नववा आणि शेवटचा. माझ्या आठ थोरल्या भावंडांनी घालून ठेवलेला घोळ एकट्याने निस्तरायला मला जन्माला घातलंय. धाकट्याच्या नशिबी दुसरं काय असणार?

माझा जन्म कोलकात्यातल्या एका अंधाऱ्या छापखान्यात झाला. शाई वाळायच्या आत बांधणी उरकली, म्हणून माझी मधली दोन पानं अजून एकमेकांना सोडत नाहीत. तिथून मी चंदननगरला निभापिशींच्या घरी आलो. पिशी म्हणजे आत्या; आमच्या पिशी भूगोलाच्या निवृत्त बाई. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "मालिका अर्धवट टाकून संसार कोण करत बसणार?"

त्यांच्या कपाटात सगळ्या जातीच्या मालिका सुखाने नांदतात. वरच्या फळीवर अंतराळवीरांचे सात भाग. अख्ख्या विश्वाचा नकाशा त्यांना तोंडपाठ, पण दर भागात इंधन संपतं ते संपतंच. शेजारी भुतांची मालिका आहे. त्यातली भुतं या गल्लीतल्या माणसांपेक्षा सभ्य आहेत. खाली इतिहासाचे जाडजूड खंड. पहिल्या खंडात राजा घोड्यावर बसतो तो तिसऱ्यात उतरतो. आणि प्रेमकथेचे चार भाग होऊनही नायकाच्या तोंडून शब्द फुटलेला नाही. मी टिंगल करतो खरी, पण पिशींनी सगळ्या सारख्याच मायेने वाचल्या आहेत. तोंडाला चव राहायची तर पदार्थ बदलत राहावेत, असं त्यांचं म्हणणं.

मग पिशींच्या हृदयाची झडप कुरकुरायला लागली. शस्त्रक्रिया ठरली. माझं शेवटचं प्रकरण त्यांनी सरस्वतीपूजेनंतरच्या निवांत सकाळसाठी राखून ठेवलं होतं. पण पूजेच्या सकाळीच इस्पितळातून फोन आला: खाट रिकामी झाली, आज दुपारीच या.

पिशी माझ्याकडे धावल्या. मी जागेवर नव्हतो. भाच्याच्या बायकोने, तोर्षाने, मला पोराच्या गणिताच्या पुस्तकाखाली देवीच्या पायाशी मांडलं होतं. वर झेंडू, खाली मी.

"पिशीमा, आज पुस्तकाला हात नाही हं लावायचा. उद्याचा दहीपोह्यांचा नैवेद्य होईपर्यंत तरी नाही. देवी रागावेल."

"रागावू दे. ती अमर आहे, तिला वेळच वेळ आहे. मी उद्या छाती उघडून पडलेली असेन! खुनी कोण ते न कळताच मेले तर?"

"शुभ बोला हो जरा!"

पण पिशींचाही हात पुढे होईना. पूजेच्या दिवशी वाचायचं नाही, हे त्यांनीच जन्मभर शाळेतल्या पोरींना दरडावून सांगितलं होतं. तेवढ्यात पुरोहित, म्हणजे आमचे ठाकुरमशाय, हरिसाधन भट्टाचार्य आले. आले म्हणजे तोर्षाच्या नवऱ्याने त्यांना रस्त्यातून जवळजवळ उचलूनच आणलं. त्या दिवशी भटजी हिलसा माशाहून दुर्मीळ असतो. मंत्रांची गाडी सुसाट सोडून त्यांनी पूजा उरकली, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"अरे वा, नववा भाग! मी वाचलाय."

पिशींचे डोळे चमकले. "ठाकुरमशाय, वाचायला बंदी आहे. ऐकायला?"

ठाकुरमशायांनी देवीकडे बघितलं, मग संदेश मिठाईच्या ताटाकडे. "ऐकायला बंदी कुठेच लिहिलेली नाही," म्हणाले आणि मांडी ठोकून बसले. दारात पुढच्या घरची माणसं त्यांच्या नावाने शंख करत होती.

"खुनी म्हणजे मुनीम. सरबतात विष त्यानेच घातलं."

साफ खोटं! मी फुलांखाली नुसता तडफडत होतो. पिशींचा मात्र चेहरा एकदम उतरला. "एवढंच होय?" त्या हळूच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

"मग तो होडीतून पळताना..."

"थांबा!" पिशी ताठ झाल्या. "होडी? हा भाग दुष्काळी पुरुलियातला आहे. भर वैशाखात तिथे होडी कुठे चालवलीत? अहो, तो सहावा भाग!"

ठाकुरमशायांनी जीभ चावली. "हां हां, चुकलो. नवव्यात म्हणजे तो..."

पिशींनी ताटातला सगळ्यात मोठा संदेश उचलून त्यांच्या तोंडात कोंबला.

"आत्ता तर ऐकायला जीव जात होता!" तोर्षा म्हणाली.

"ऐकलं आणि वाटलं, झालं, संपलं सगळं. आता मरायला काही हरकत नाही. असलं काही मनात घेऊन मला तिथे जायचं नाही गं. राहू दे ते प्रकरण. परत येऊन वाचते."

निघताना त्यांनी हात जोडले. देवीला की मला, कोण जाणे. "येते," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माझी सुटका झाली. तोर्षा घरात एकटी, सारखी फोनकडे बघणारी. आयुष्यात पुस्तक न वाचलेली ती बाई. जीव रमवायला तिने मला उघडलं आणि उभ्या उभ्या फक्त शेवटचं प्रकरण वाचून काढलं! आठही भावंडांना न भेटता. असला अपमान मी कधी सोसला नव्हता.

मग फोन आला. शस्त्रक्रिया नीट पार पडली. पिशींच्या नळ्या निघाल्यावर भाच्याने फोन त्यांच्या कानाला लावला, तर तोर्षा आनंदाच्या भरात ओरडली, "पिशीमा, तुम्हाला सांगते, खुनी आहे..."

"तोर्षा," पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "जीभ हासडीन."

तोर्षा फोन धरून रडली, हसली, पुन्हा रडली. पिशी, आता लवकर घरी या. ती शेजारी चहाला निघाली आहे, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.