ओळखीचा माल

परसूअण्णाचं डोकं फिरलं की चामराजपेटेतल्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत पंखासुद्धा जपून फिरायचा. आणि त्या दिवशी डोकं फिरवायला कस्टम्सचं पत्रच आलं होतं.

सवाल तसा साधा होता. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं परदेशातून काळ्या प्लास्टिकचे बुश मागवले होते. स्विचबोर्डातली वीज बाहेरच्या पत्र्यात उतरू नये म्हणून बसवतात, ते. प्रत्येकाच्या मधोमध स्क्रूसाठी आटे पाडलेली पितळी नळी. ही नळी प्लास्टिक साच्यात ओततानाच आत धरलेली असेल, तर माल सरकारी जकात-यादीतल्या पंच्याऐंशी-सत्तेचाळीस या हेडिंगात बसतो, इन्सुलेटिंग फिटिंग म्हणून. मागाहून ठोकून बसवली असेल तर बसत नाही. हेडिंग वेगळं की भरायची ड्युटीही वेगळी. तेव्हा खेपेतला एक नग उभा कापून आणा, असं पत्र म्हणत होतं. इथवर ठीक. पण खाली अधिकारीबाईंच्या सहीच्या वर शेवटची ओळ होती, 'माल न तपासता कागद भरल्याचे दिसते.'

"न तपासता?" परसूनं पत्र टेबलावर आपटलं. "कुणाला म्हणते ही बाई? मला?"

राग यायचाच हो. आयात माल सोडवून देणाऱ्या या एजन्सीत कुठली वस्तू कुठल्या हेडिंगात, हे ठरवायचं काम एकतीस वर्षं परसूच करत होता. आणि त्याची एक रीत होती. नवा माल आला की कॅटलॉग बाजूला, आधी करवत. नग कापायचा, आत बघायचं, मग अर्धुकं दोऱ्यानं बांधून, चिठ्ठी लावून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. असे सहा डबे झाले होते. कस्टम्सचा पास त्यानं परीक्षेत तीनदा नापास होऊन चौथ्या खेपेला मिळवलेला. तो पास गळ्यात असला तरच कागदावर त्याची सही चालायची. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि सही केलेल्या कागदावरची घोषणा खोटी ठरली तर पासच रद्द व्हायचा.

"काका, चिल," अजिंक्य म्हणाला. हा मालक प्रतापरावांचा भाचा, वर्षापूर्वी पुण्याहून आलेला, हेडिंग शोधायचं सॉफ्टवेअर बसवणारा. "सिस्टिमनं मागच्या खेपेचंच हेडिंग उचललंय. सेम आयटम नंबर."

"तुझी सिस्टिम! उंटावरून शेळ्या हाकायच्या नुसत्या. माल हातात घेतलाय का कधी? आण ती करवत इकडं. बघू दे तिला, परसू तपासतो का नाही ते!"

आवाज ऐकून प्रतापराव आतल्या खोलीतून बाहेर आले. परसूनं आधी पाचवा डबा उघडला आणि तीन वर्षांपूर्वीचं अर्धुकं काढून त्यांच्या नाकासमोर धरलं. पितळेच्या खाचाखाचांत प्लास्टिक घुसलेलं. नखानं उचकटा, पक्कड लावा, हलायचं नाव नाही. "हे बघा साहेब. ओततानाच धरलंय. आता नवं कापतो, जोडीनं नेऊन ठेवतो तिच्या टेबलावर. माफी मागायला लावतो!"

पत्राबरोबरच खेपेतले चार नग पावती देऊन आणले होते. परसूनं एक टेबलाच्या कडेला आवळून धरला आणि करवत चालवली. रागात हात भराभर चालला. प्लास्टिकचा काळा भुगा त्याच्या विजारीवर पडत होता. शेवटचा धागा तुटला, नगाची दोन अर्धुकं झाली, आणि पितळेचं एक फाळकं टुणकन फरशीवर पडलं.

परसूनं वाकून ते उचललं. गुळगुळीत, एक खाच नाही. प्लास्टिकचं भोकही तसंच साफ. मागाहून ठोकलेलं. त्यानं दुसरा नग कापला. तिसरा कापला. तिन्हींचं पितळ सुटून आलं.

"हात दाखवून अवलक्षण," तो पुटपुटला. मग एकदम अजिंक्यकडे वळला. "कागद माझ्याकडे आणलास तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार काका?" अजिंक्यनं घाबरतच फाइल पुढे केली. "तुम्हीच सही केलीत ना."

'नमुना स्वतः पाहिला' या ओळीखाली परसूचीच सही होती. त्याला ती सकाळ आठवली. अकरा फायली, हातात कॉफी. कारखान्याचं नाव वाचलं, नंबर वाचला, आणि मनात म्हणाला, सरी, ठीक आहे, हा तर आपला ओळखीचा माल. करवत खणातून काढलीच नव्हती. पोराच्या सिस्टिमनं केलं तेच त्यानं केलं होतं, आणि वर सही ठोकली होती. एवढा संताप त्याला आजवर कुणाचा आला नव्हता.

प्रतापरावांनी मात्र तोवर मार्ग काढला होता. त्यांनी जुनं अर्धुकं उचललं, त्याची चिठ्ठी तोडली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "परसू, बुश तोच, रंग तोच. हेच या खेपेतलं म्हणून दे. तुझा पास वाचेल, माझं लायसन वाचेल. कोण बघतंय?"

"मी बघतोय!" परसू ओरडला, तेव्हा खालच्या अगरबत्तीवाल्यानं मान वर करून पाहिलं. "एकतीस वर्षांत मी एक चिठ्ठी बदलली नाही, आणि आता तुम्ही माझाच डबा मला खोटा करायला लावताय? लाज वाटत नाही? ठेवा ते खाली!"

प्रतापरावांनी ठेवलं. इतक्या वर्षांत परसू त्यांच्यावर असा कधी ओरडला नव्हता. परसूनं जुन्या अर्धुकाला त्याचीच चिठ्ठी पुन्हा बांधली. गाठ दोनदा सुटली. मग नवं अर्धुकं आणि सुटं पितळ एकत्र बांधून त्यानं कोरी चिठ्ठी लिहिली.

कस्टम्सच्या कचेरीत अधिकारी रंजिताबाईंनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. 'पितळ मागाहून बसवलेले. हेडिंग चुकले. सही करताना नग कापला नव्हता. परसू.'

"हे तुम्ही स्वतः लिहून देताय?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"होय. तुमची शेवटची ओळ खरी आहे. ती वाचून मी सकाळभर तुम्हाला शिव्या दिल्या, तेही लिहून हवं तर देतो."

त्या हसल्या नाहीत. "चौकशी होईपर्यंत पास इथं ठेवावा लागेल."

परसूनं गळ्यातली दोरी काढली आणि पास टेबलावर ठेवला. फोटोतला परसू काळ्या केसांचा होता.

बसथांब्यावर येईतो फोन वाजला. अजिंक्य होता. "काका, बोम्मसंद्र्याच्या कारखान्याची एक खेप आलीये. सिस्टिम हेडिंग दाखवतेय, पण..." तो अडखळला. "करवत कुठं ठेवता तुम्ही?"

"डाव्या खणात!" परसू एवढ्यानं खेकसला की थांब्यावरची माणसं वळली. "आणि माल ओळखीचा वाटला ना, तर तोच आधी काप!"