एका पायावरचं पहिलं बक्षीस

लिफ्टकाकांना परीक्षक म्हणून बोलावणं आलं, तेव्हा काकूंनी एवढंच विचारलं, "खेळण्यातलं तुम्हाला काय कळतं?"

प्रश्न रास्त होता. काकांचा सगळा जन्म लिफ्टच्या कारखान्यात आराखडे काढण्यात गेलेला. निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या कपाटांच्या बिजागऱ्यांना नावं ठेवत दिवस काढत होते. पण खेळणी बनवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते त्यांचे साडू. 'गाडीचा रोबो' या स्पर्धेचा तिसरा परीक्षक ऐन वेळी आजारी पडला आणि साडूंना काका आठवले.

"अडला हरी..." काकू म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बघून त्यांनी पुढची म्हण गिळली.

सभागृहात गेल्यावर कोटाला बिल्ला लागला आणि काकांची मान आपोआप ताठ झाली. उरलेले दोन परीक्षक आधीच कामाला लागले होते. एक डिझाइनच्या कॉलेजातल्या प्राध्यापिकाबाई. त्या प्रत्येक खेळण्यासमोर डोळे मिटून उभ्या राहत. दुसरे, खेळण्यांच्या दुकानांचे मालक. ते प्रत्येक खेळणं उलटं करून आधी किंमत शोधत.

बहुतेक खेळणी म्हणजे द्राविडी प्राणायाम होता. हे दाब, ते फिरव, मग पहिलं पुन्हा उलटं फिरव. दुकानवाल्यांनी एका निळ्या ट्रकशी इतकी झटापट केली, की शेवटी ना धड ट्रक राहिला ना धड रोबो झाला. त्यांनी तो गुपचूप टेबलक्लॉथखाली सरकवला.

कोपऱ्यात एक छोटी लाल गाडी होती. काकांनी ती हातात घेतली. टप ओढलं की डोकं वर येत होतं. दारं उघडली की हात झाले. बॉनेट मधोमध दुभंगून खाली वळलं की दोन पाय, आणि पावलांना पुढची चाकं. बस्स. सांगायला कागद नाही, लावायला चिकटपट्टी नाही. काकांनी ती मिटली, उघडली, पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. एकही सांधा कुरकुरला नाही.

"याला म्हणतात काम!" ते स्वतःशीच म्हणाले. बाकीचे दोघे चहाला गेले होते. पहिलं बक्षीस कुणाला द्यायचं, हे काकांच्या मनाने तिथेच ठरवून टाकलं.

पण हाडाचा लिफ्टवाला. पेलतं त्याच्या दुप्पट वजन टाकून पाहिल्याशिवाय पसंती द्यायची नाही, ही जन्माची सवय. काकांनी रोबोचा डावा पाय धरला आणि जरा जोर लावून बाहेरच्या बाजूला पिळला.

टक्.

पाय काकांच्या हातात आला.

दारात पावलं वाजली. काकांनी पाय कोटाच्या खिशात टाकला आणि रोबोला कसंबसं उभं केलं. दोन्ही हात फाकवून, उजव्या पायावर तोल सांभाळत ते बापडं उभं राहिलं.

प्राध्यापिकाबाई आल्या आणि जागीच थबकल्या. "अहाहा! एक पाय!"

काकांनी हात खिशाकडे नेला. "म्हणजे, ते काय झालं..."

"बोलू नका!" बाईंनी हात वर केला. "आख्खं युग धावतंय, आणि हा एका पायावर थांबलाय. किती हिंमत लागते हो, दुसरा पाय न करायला!"

दुकानवाल्यांनी रोबोभोवती फेरी मारली. त्यांचा विचार निराळ्या वाटेने चालला होता. "दुसरा पाय वेगळ्या पाकिटात विकता येईल," ते म्हणाले. "आधी एकाच पायाचं घेतील, मग पोर रडेल, मग पाकीट घ्यायला येतील. याची गाडी कशी होते बघू."

"हात नका लावू!" काका ओरडलेच. तीनच चाकांची, अर्ध्या बॉनेटची गाडी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती. "असंच... असंच राहू द्या. विचार मोडेल."

"बघा, यांना नेमकं कळलं," बाई म्हणाल्या.

तोंडातून शब्द गेला तो गेलाच. मग काका मनाची समजूत घालत बसले. खेळणं खरंच उत्तम आहे. बक्षीस त्याचंच आहे. कारण चुकीचं असलं म्हणून काय झालं? लिफ्टमध्ये चुकून शिरलेला माणूससुद्धा वर पोचतोच की! पण खिशातला पाय बरगडीला टोचत होता.

संध्याकाळी निकाल लागला. लाल गाडीला पहिलं बक्षीस, 'एका पायाच्या धाडसासाठी'. गाडी बनवणाऱ्या बाई मंचावर आल्या. धंद्याने त्या कवळ्या बनवणाऱ्या, अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून भरलेल्या. करंडकाकडे जाणारा त्यांचा हात मध्येच थांबला.

"याचा पाय कोणी काढला?" त्यांनी विचारलं. समोर माइक होता, त्यामुळे ते सगळ्या सभागृहाने विचारल्यासारखं झालं.

प्राध्यापिकाबाई हसल्या. "तुम्हालाच कल्पना नाही, तुम्ही काय निर्माण केलंत!"

"मी दोन पाय निर्माण केलेत. रोबोचं जाऊ दे, गाडी करून पाहिलीत कोणी?"

कवळीवाल्या बाईंनी रोबो मिटला आणि टेबलावर ढकलला. लाल गाडी तीन चाकांवर लंगडत वळली आणि अध्यक्षांच्या पाण्याच्या ग्लासवर जाऊन आदळली. पाणी साडूंच्या मांडीवर सांडलं.

काका उठले. त्यांचे स्वतःचे पाय निदान दोन तरी होते. त्यांनी खिशातून तो लाल पाय काढला. "मी काढला. चाचणी घेत होतो. आणि मग गप्प बसलो. ताई, चूक माझी आहे. खेळणं दोन पायांचंच आहे, आणि झकास आहे."

कवळीवाल्या बाईंनी पाय घेतला, जागेवर बसवला आणि अंगठ्याने दाबला. टक्. "मोडला नव्हता, निसटला होता. पोरं ओढणारच. निसटला नाही तर तुटेल, म्हणून तसाच केलाय." रोबो दोन पायांवर ऐटीत उभा राहिला.

प्राध्यापिकाबाईंचा चेहरा उतरला. "आता हा चारचौघांसारखाच झाला."

परीक्षक आणि अध्यक्ष पडद्यामागे गेले. तिथे बराच वेळ कुजबुज चालली. काका म्हणाले, कारण बदला. अध्यक्ष ओली विजार झटकत म्हणाले, प्रशस्तिपत्रं छापून झालीत. दुकानवाले म्हणाले, मी पाकिटांचा हिशोब मनात मांडून बसलोय. शेवटी ठरलं, की बक्षीस एका पायालाच राहील. दुसरा पाय लावायला परीक्षकांची हरकत नाही.

कवळीवाल्या बाईंनी निर्णय आणि पाकिटांचा बेत, दोन्ही ऐकून घेतले आणि करंडक काखोटीला मारला. "पाकिटांचं मात्र जमायचं नाही. माझी गाडी दोन्ही पायांसकट विकायची, नाहीतर विकायची नाही." एवढं बोलून त्या उतरल्या. दुकानवाले त्यांच्यामागे घासाघीस करत धावले आणि हात हलवत परत आले.

दाराशी काकांनी कवळीवाल्या बाईंना गाठलं. "ताई, रागावलात का?"

"तुम्ही बाहेरच्या बाजूला पिळलात ना?"

"हो."

"मोठी माणसं तसंच करतात," त्या म्हणाल्या आणि गाडी पिशवीत टाकून निघून गेल्या.

घरी काकांनी सगळं सांगितलं. काकू इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. काका मात्र हसले नाहीत. "निदान खरं बोललो," ते दोनदा म्हणाले.

"बोललात. पण बक्षीस वाटून झाल्यावर," काकू म्हणाल्या.

चार दिवसांनी साडूंचा फोन आला. प्राध्यापिकाबाईंनी काकांच्या 'प्रामाणिक हस्तक्षेपा'ची फार तारीफ केली होती. पुढच्या वर्षी विमानांची स्पर्धा होती, आणि बाईंना परीक्षक म्हणून काकाच हवे होते.

"बघतो," काका तुटकपणे म्हणाले आणि फोन ठेवला.

मग त्यांनी कपाटातून कोट काढला, बिल्ल्याची टाचणी लागून पडलेलं भोक निरखलं आणि काकूंना हाक मारली. "अगं, हे भोक रफू करू नकोस हं इतक्यात."